जस्टिनियनच्या रांगेत मैत्रीण नव्हती

अनघा, तुझ्या त्या सम्राटावर मी भयंकर चिडले आहे आणि ऐकून घ्यायला तू नाहीस. चिडायचं म्हटलं तर दुसरं कोणी सापडतच नाही. डॉक्टर चांगले होते. नर्स चांगल्या होत्या. फ्युनरल होमचा तो माणूस तर इतक्या अदबीनं बोलत होता की त्याच्यावर आवाज चढवायचीही सोय नव्हती. तुझ्या आईवर चिडणं शक्य नाही. तुझ्यावर चिडून पाहिलं, पण ते फार वेळ टिकत नाही, मध्येच रडू येतं. मग उरला तो पंधराशे वर्षांपूर्वी जाऊन बसलेला जस्टिनियन, ज्याला तू आमच्या घरी आणलंस आणि ज्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर कायमची जागा अडवली.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल लिहून आलं. जन्म, शिक्षण, कंपनी आणि शेवटी 'मनमिळाऊ व हसतमुख'. समीरनं ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "ही कोण बाई?" तू हसायचीस, पण बहुतेक वेळा समोरच्याचं काहीतरी चुकल्यावर. आणि मनमिळाऊ माणूस पोटलकच्या जेवणाला गेल्यावर घरच्या बाईंना "तुमच्या विम्यात बेसमेंट धरलेलं नाही, माहितीये ना?" असं पहिल्या घासाला विचारत नाही. ते खरं निघालं आणि त्यांनी नंतर तुला ढोकळा आणून दिला, ही गोष्ट वेगळी.

मास्टर्सला आलो तेव्हा तू नागपूरची, मी पुण्याची. दोघींना परवडेल असं एकच अपार्टमेंट होतं म्हणून एकत्र राहिलो. सुरुवातीला आपलं अजिबात पटलं नाही. चहात साखर उकळताना घालायची की नंतर, यावरसुद्धा आपण कडाडून भांडलो आहोत. पुढे समीरशी लग्न होऊन मी ईडन प्रेरीला आले, तुलाही इथल्याच एका विमा कंपनीत नोकरी लागली आणि तू आमच्यापासून दोन सिग्नल पलीकडे टाउनहोम घेतलंस. शनिवारचं जेवण आमच्याकडे, हे कोणी ठरवलं नव्हतं. सई जन्मली ती तुला अनघा मावशी म्हणतच मोठी झाली.

तुझं काम मला बरीच वर्षं धड कळलं नव्हतं. एकाच माणसाच्या कंपनीत चार-चार नोंदी असतात, एकीत जुना पत्ता, एकीत बायकोचं नाव वेगळं, एकीत जन्मतारीखच नाही, आणि त्यातलं खरं कोणतं ते ठरवून एकच नोंद ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. हे तू दिवसभर करायचीस आणि तुला ते मनापासून आवडायचं. एका शनिवारी वरणभात कालवता कालवता तू म्हणालीस, "जस्टिनियननं हेच केलं."

समीर म्हणाला, "तुमच्या ऑफिसातला का?"

तेव्हापासून तो आमच्या घरात आला. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट, रोमचं पश्चिमेकडचं राज्य बुडाल्यावर पूर्वेकडे जे उरलं त्याचा मालक. शेतकऱ्याच्या घरचा, मामानं वर आणलेला. त्याच्या वेळेपर्यंत रोमच्या कायद्याचा नुसता ढीग झाला होता. शेकडो वर्षांचे कायदेपंडित, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, एकाच प्रश्नाला पाच उत्तरं, आणि ज्याच्याकडे चांगला वकील त्याला हवं ते उत्तर. यानं माणसं बसवली, दोन हजार पुस्तकं वाचून काढायला लावली, जुनं, दुबार, एकमेकांना छेद देणारं सगळं कापलं आणि तीन वर्षांत एक ग्रंथ हातात ठेवला. कायदा शिकायला नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी वेगळं सोपं पुस्तकही लिहून घेतलं. हे शेवटचं सांगताना तुझा आवाज बदलायचा. कायदा ज्याच्यावर लागतो त्याला तो वाचता आला पाहिजे, यावर तुझी श्रद्धाच होती म्हण ना.

मला तो कधीच आवडला नाही. मी तुला म्हटलं, राजधानीत लोक उठले तेव्हा यानंच शर्यतीच्या मैदानात हजारो माणसं कापून काढली ना? आणि ग्रंथ झाल्यावर हुकूम काढला की यावर कोणी टीका-टिप्पणी लिहायची नाही. घाबरट माणूस असं करतो. तू शांतपणे भाकरीला तूप लावत म्हणालीस, "मेधा, मी त्याला जावई करून घेत नाहीये."

तुझं म्हणणं असं की त्यानं तलवारीनं मिळवलं ते सगळं गेलं. इटली गेली, आफ्रिका गेली, माणसं प्लेगनं गेली. नीट लावून ठेवलं तेवढं राहिलं. आणि तुला त्याची खरी गंमत वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. कायदा पुरा झाला, आता यात बदल नाही, असं जाहीर करून हा बाबा पुढे आयुष्यभर स्वतःच नवे कायदे काढत बसला. त्यातलाच एक, म्हातारपणाकडे झुकल्यावर काढलेला, तू आमच्या टेबलावर वाट्या मांडून समजावला होतास.

माणूस काही न लिहिता मेला तर त्याचा वारस कोण? आधी बापाकडच्या नात्यांना मान जास्त होता. यानं सांगितलं, रक्ताचं ते रक्ताचं, आईकडचं असो की बापाकडचं, मुलगा असो की मुलगी. तू आमटीची वाटी पुढे ठेवलीस, ही मुलं-नातवंडं. त्यामागे दोन वाट्या, आईवडील आणि सख्खी भावंडं. त्यामागे चटणीच्या छोट्या वाट्या, बाकीचे नातलग. जगातल्या कितीतरी देशांत आजही थोड्याफार फरकानं हीच रांग लावतात, कुठून कुठून फिरत ती आपल्या या राज्यातही आली आहे, असं तू सांगत होतीस. सई तेव्हा दुसरीत होती. तिनं सगळ्या वाट्या नीट बघितल्या आणि विचारलं, "बट व्हेअर इज अनघा मावशी?"

"आईची बहीण इथे येते," तू मागची वाटी दाखवलीस. "पण मी नाही त्यात. मी खरी मावशी नाही ना."

सईला ते मुळीच पटलं नाही. ती उठून फ्रीजमधून लोणच्याची बरणी घेऊन आली आणि तिनं ती सगळ्या वाट्यांच्या पुढे ठेवली. आपण सगळे हसलो. मग मी हसत हसतच तुला चिमटा काढला, की असला कसला तुझा न्यायी सम्राट, त्याला मैत्रीण नावाची गोष्टच माहीत नाही. तू मात्र एकदम वकिली आवाजात आलीस. "मैत्रीण कोण, हे कोण ठरवणार? जी जास्त रडेल ती? कायद्याला रडणं मोजता येत नाही मेधा. ज्याला मैत्रीण हवी त्यानं जिवंतपणी तिचं नाव लिहून ठेवावं. तेवढी सोय जस्टिनियननं ठेवली आहे." मी म्हटलं, जो कायदा जवळ कोण बसलं होतं ते बघत नाही, तो मला नको. हा वाद तिथेच राहिला, कारण समीरनं आइसक्रीम काढलं.

आणि लिहून ठेवायला तू आम्हाला लावलंसच. आमच्या मृत्युपत्रात आम्हा दोघांना एकाच वेळी काही झालं तर सईची पालक म्हणून तुझं नाव आहे. वकिलाकडे तू आम्हाला अक्षरशः हाताला धरून नेलंस. मंडळातल्या निम्म्या घरांची मृत्युपत्रं तुझ्या डोकं खाण्यामुळे झाली असतील. "आणि तुझं गं?" असं मी विचारलं की तू म्हणायचीस, "करते गं. माझं काय, एकटा जीव." दर वेळी तेच. तू का केलं नाहीस ते मला कळत नाही. आळस म्हणावा तर तुझा नाही. कधी वाटतं, कागदावर माझं नाव लिहायचं तर त्यापुढे नातं लिहावं लागलं असतं, आणि नागपूरला आई असताना ते तुझ्या हातून होईना. तसं असेल तर मला सांगायचं होतंस. मी काही रुसले नसते.

तोंडानं मात्र तू सांगितलं होतंस. गेल्या हिवाळ्यात आपण किराणा घेऊन येत होतो, बर्फामुळे रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या आणि मंडळातल्या कोणाच्या तरी वडिलांना भारतात न्यायचं चाललं होतं त्याचा विषय निघाला. तू म्हणालीस, "मला नाही हं न्यायचं. मला इथेच जाळा आणि राख त्या पर्गेटरी क्रीकच्या ओढ्याकाठच्या वाटेवर कुठेतरी टाकून द्या. मेल्यावर परत मला इमिग्रेशनच्या लाइनमध्ये उभं करू नका यार." मी म्हटलं बरं. एवढंच बोलणं झालं. मग तू कोथिंबीर राहिली म्हणून गाडी वळवायला लावलीस.

मंगळवारी तू ऑफिसात पडलीस. डोक्यात रक्तस्राव. ऑफिसनं मला फोन केला, कारण तिथे तू तातडीचा संपर्क म्हणून माझा नंबर दिला होतास, तेवढं एक केलं होतंस. हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, "यू आर हर सिस्टर?" मी हो म्हटलं. खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. आपल्याकडे कोण कोणाचं काका-मावशी नसतं? सईला सख्ख्या मावश्या दोन आहेत, पण विचारलं तर ती पहिलं नाव तुझंच घेते. नर्सनं मला आत सोडलं, रात्री पांघरूण दिलं, माझ्यासाठी जास्तीची खुर्ची ओढून आणली. काकूंना, तुझ्या आईला, मी रोज व्हिडिओवर तुला दाखवत होते. त्या तिकडून तुझ्या कपाळावर हात फिरवल्यासारखं करायच्या आणि मग मला म्हणायच्या, "तू फिरव नं." मी फिरवायची. शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

फ्युनरल होममध्येही मी बहीणच म्हटलं. त्या माणसानं मान हलवली, मग आईवडिलांची नावं विचारली, माझी आणि तुझी वेगवेगळी. "फ्रेंड," मी म्हटलं. तो म्हणाला, "आय ॲम सो सॉरी," आणि खरंच त्याला वाईट वाटलं असावं. मग त्यानं हळू आवाजात समजावून सांगितलं. मृतानं कोणाला लेखी नेमलं असेल तर ती व्यक्ती. नाहीतर जोडीदार, नाहीतर सज्ञान मुलं, नाहीतर आईवडील, नाहीतर भावंडं. तो बोलत होता आणि मला पुढचं आधीच येत होतं. नवरा-बायकोला पुढे आणलं आहे एवढं सोडलं तर तुझ्याच वाट्या होत्या त्या. मी तिथे खुर्चीत बसून विचार करत होते की अनघानं हे ऐकायला हवं होतं, तिला किती आनंद झाला असता. आणि मग लक्षात आलं की तू पलीकडच्याच खोलीत आहेस.

तर माझा राग हा आहे. त्यानं कायदा पुरा झाला म्हणून सांगितलं, मग स्वतःच तो बदलत राहिला. बायकांसाठी बदलला, आईकडच्या नात्यांसाठी बदलला. आणखी एक नवा कायदा काढायला त्याला काय झालं होतं? अगदी शेवटी, सगळ्या चुलत-मावस नात्यांच्या मागे एक छोटी वाटी ठेवायची. तू म्हणशील, रडणं मोजता येत नाही. खुर्ची तर मोजता येते ना. हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत कोण बसलं होतं हे त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

घरी येताना गाडीत समीर म्हणाला, "काकूंना सांगून टाक ना, इथला नियमच तसा आहे, अंत्यसंस्कार इथेच करावे लागतात. त्या कुठे चेक करणार आहेत? आणि अनघाचीच इच्छा आहे ती. आपण काही वाईट करत नाही." मी त्याला नाही म्हटलं नाही. घरी पोचेपर्यंत मी मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

फ्युनरल होमचा संमतीचा कागद काकूंच्या फोनवर गेला होता, सगळा इंग्रजीत. काकूंनी मला फोन करून सांगितलं, "मेधा, मला यातलं काही समजत नाही. तू वाचून सांग. तू सांगशील तिथे सही करते." मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. 'खाली सही करणारी मी, मृत व्यक्तीची आई. अंत्यविधी कुठे आणि कसा करायचा हे ठरवायचा अधिकार माझा.'

काकूंनी मला थांबवलं. "म्हणजे मी म्हणीन तसं?"

"हो."

"मग इकडे आणता येते का तिला?"

बघ अनघा, असा साधा प्रश्न. एक 'नाही' म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, समीर समोर उभा होता, आणि तुझी इच्छा, तू स्वतः बोललेली, माझ्या बाजूनं होती. आणि मला दिसत काय होतं, तर तू देवळाच्या हॉलमध्ये चपला काढून खाली बसलेली, कोणाच्या तरी सासूबाईंना कोर्टाचा नाहीतर विम्याचा कागद वाचून सांगतेस. त्यांच्या फायद्याचं तेही आणि तोट्याचं तेही, त्याच आवाजात. एकदा मी म्हटलं होतं की एवढं सगळं कशाला सांगतेस, बाई घाबरल्या. तू म्हणालीस, "कागद त्यांचा आहे."

"येतं काकू," मी म्हटलं. "वेळ लागेल. पण आणता येतं."

समीर बाहेर निघून गेला.

मग मी तुझं म्हणणंही सांगितलं. ते लपवणं मला जमलं नसतं. म्हटलं, काकू, ती म्हणायची मला इथेच ठेवा. मग काकू म्हणाल्या, "म्हणायची ती. लग्न नाही करणार म्हणायची, ते खरं केलं. परत नाही येणार म्हणायची, ते करून राहिली. सगळंच तिचं खरं होऊ द्यायचं का गं? मला एकदा दिसू दे नं. फोनवर नाही, अशी समोर." मी रडत होते हे त्यांना कळलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "तू मैत्रीण नं तिची? मग पाठव तिला."

तू असतीस तर काय बोलली असतीस? तुझी आई रांगेत माझ्या पुढे आहे हे मला मान्य आहे. ती नसती आणि रांगेत पुढे एखादा चुलतभाऊ असता तर मी भांडले असते, कोर्टात गेले असते. आईशी कोण भांडतं? म्हणजे कायदा बरोबर, काकू बरोबर, तूही बरोबर, आणि मी तुला दिलेला शब्द मोडून बसले. यात माझं चुकलं कुठे ते मला अजून सापडलेलं नाही. ते सापडलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं परवानगीनं केलं. तुला तयार करायला मी येऊ का, हे विचारलं तर फ्युनरल होमच्या त्या माणसानं काकूंची ईमेल मागितली. तिकडून 'येस, मेधा कॅन' एवढं आलं. तर तुझ्या आईच्या लेखी संमतीनं मी तुझे केस विंचरले. इतकी वर्षं मी ते बाथरूमच्या ड्रेनमधून काढून तुझ्या नावानं ओरडत आले, तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. काकूंनी विचारलं, साडी कोणती आहे तिच्याकडे? तुझ्या कपाटात साडी नव्हती. जॅकेटं होती आणि एकसारखे करडे स्वेटर. काकूंना मी ते सांगितलं नाही. माझी निळी इरकली नेसवली तुला. तुला ती आवडायची नाही, पण दुसरी इस्त्री केलेली नव्हती.

मग वकिलातीचे कागद. तुझा भारतीय पासपोर्ट रद्द करावा लागतो, ना-हरकत घ्यावी लागते. समीरनं दोन दिवस रजा घेऊन ते सगळं केलं, माझ्याशी फारसं न बोलता. तुझा पासपोर्ट परत आला त्याचे कोपरे कापलेले होते. तुला मेल्यावर परत लाइनमध्ये उभं केलं आम्ही. तो विनोद तुझा होता, आणि त्याच्यावर हसायला आम्हा दोघांना जमलं नाही.

सईनं विचारलं, "मग मावशीबरोबर कोण जाणार?" मी म्हटलं, कोणी नाही, विमानात कार्गोमधून जाईल. ती आता पंधरा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं, तरी ती म्हणाली, "शी कान्ट गो अलोन, आई." माझं जायचं काही होईना. आमचं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं आहे आणि आत्ता बाहेर पडले तर परत येता येईल याची खात्री वकील देत नाही. तू इतकी वर्षं याच भीतीनं नागपूरला गेली नव्हतीस. तूच एकदा सांगितलं होतंस, रोमचा माणूस शत्रूच्या देशात कैद झाला की त्याचे इकडचे हक्क लोंबकळत राहतात, आणि तो परत येऊन सीमेच्या आत पाऊल टाकतो त्या क्षणी ते सगळे त्याला परत मिळतात, जणू तो कधी गेलाच नव्हता. हे सांगताना तुझे डोळे भरून आले होते, आणि मी मूर्खासारखी विचारत होते की यात रडण्यासारखं काय आहे. आता तू सीमेच्या आत पोचलीस. काकूंनी तुला समोर बघितलं. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "शांत दिसत होती गं." त्यासाठी तरी मी खरं बोलले ते बरं झालं, असं मी स्वतःला दिवसातून अनेकदा सांगते, आणि मग क्रीकच्या वाटेवरून गाडी नेली की ते सगळं फुसकं वाटायला लागतं.

दहाव्याला तिकडे तुझ्या चुलतभावानं सगळं केलं. मला घरी बसवेना म्हणून मी इथल्या देवळात गेले. गुरुजींना म्हटलं, मैत्रीण गेली, माझा काही अधिकार नाही, पण मला काही करता येईल का? गुरुजी सोलापूरकडचे आहेत, फार बोलत नाहीत. म्हणाले, "तिलांजली देता येते की. नातेवाईक देतात, त्यांच्या मागून स्नेही देतात." मी म्हटलं, बायकांनी दिली तर? ते म्हणाले, "द्या तुम्ही." म्हणजे आपल्याकडे ती वाटी होती, अनघा. अगदी शेवटी, पण होती. मला तुला ताबडतोब फोन करावासा वाटला.

गुरुजींनी माझ्या ओंजळीत पाणी आणि तीळ दिले आणि विचारलं, "नाव?"

"अनघा."

"गोत्र?"

मला माहीत नव्हतं. तुझा ब्लडग्रुप माहीत होता, लॅपटॉपचा पासवर्ड माहीत होता, कोणत्या दाढेला रूट कॅनाल झालं ते माहीत होतं. गोत्र कधी निघालंच नाही आपल्यात. निघालं असतं तर तू त्यावरही काहीतरी टोमणा मारला असतास. बोटांच्या फटींतून पाणी खाली गळत होतं. गुरुजी म्हणाले, "माहीत नसेल तर काश्यप म्हणा. ज्यांचं माहीत नाही त्यांच्यासाठी तेच म्हणतात, तशी सोय आहे." मी काश्यप म्हटलं आणि पाणी सोडलं. काकूंना फोन करून विचारता आलं असतं. पण ओंजळ भरलेली होती, मागे माणसं थांबली होती, आणि खरं सांगायचं तर तुझ्याबद्दलची ही एवढी गोष्टसुद्धा दुसऱ्या कोणाला विचारायची माझी इच्छा नव्हती.

काल विचारलं. काकू लगेच म्हणाल्या, "कौंडिण्य. का गं?" मी सांगितलं, सहज.

देवळात फोन केला तर गुरुजी म्हणाले, काही बिघडत नाही, भाव महत्त्वाचा. चांगला माणूस म्हणून त्यांचं बोलणं ठीक आहे. पण मला भाव नको होता, मला बरोबर नाव हवं होतं. चुकीच्या नोंदीवर गेलेल्या गोष्टी कुठे जाऊन पडतात ते तू मला इतक्या शनिवारी सांगितलं आहेस. ते पाणी त्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेलं असेल, आणि ते परत मागवायला मी कोणाकडे जाऊ, मला कळत नाही. माझ्याकडे आता लिहिण्यापलीकडे काही नाही, म्हणून हे बसून लिहिलं. कौंडिण्य गोत्राच्या अनघा, हे तुला आहे. पोचलं का गं?